अडलेल्या घराला हात देताना
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला विषय दिला आहे, "आर्थिक अडचणीतील समाजबांधव आणि विहाराची मदत". आम्ही काही प्राध्यापक नाही. शिक्षण म्हणाल तर दहावी नापास. पुढचं जे काही शिकलो ते रात्रपाळी सुटल्यावर वाचनालयात आणि कार्यकर्त्यांच्या संगतीत. तेव्हा भाषेत कमीजास्त झाले तर सांभाळून घ्या.

या विषयावर बोलायचे तर आधी आमच्याच चुकीपासून सुरुवात केली पाहिजे. विहाराचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत, ते करतीलच.

२०१९ सालच्या वर्षावास समारोपाची गोष्ट. आपल्यातल्या एका भावाचा हात वालीव बाजूच्या एका गाळ्यात मशीनमध्ये सापडला. चार बोटे गेली. मालकाने दवाखान्याचा पहिला खर्च केला आणि नंतर फोन उचलणे बंद केले. घरात बायको, एक मुलगा, म्हातारी आई. आपल्या निधीतून दहा हजार रुपये द्यायचे ठरले. ठराव एकमताने झाला. इथपर्यंत सगळे चांगले. पण पैसे द्यायचे कसे? आम्हीच सुचवले की कार्यक्रमात स्टेजवर बोलावून देऊ, म्हणजे बाकीच्यांना दान देण्याची प्रेरणा होईल. माईकवरून नाव पुकारले. वहिनी स्टेजवर आल्या, डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत होत्या. पाकीट हातात दिले, पाच पदाधिकारी दोन्ही बाजूंना उभे राहिले, फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो व्हॉट्सअॅपवर सगळ्या सोसायट्यांत फिरला.

त्यानंतर ती माऊली विहारात आली नाही. तिचा मुलगा रविवारी सगळ्यांच्या पुढे बसून त्रिसरण-पंचशील खणखणीत म्हणायचा, तोही बंद झाला. आम्हाला वाटले, दुखण्यातून वेळ मिळत नसेल. खरी गोष्ट कळली ती मार्च २०२० मध्ये. लॉकडाऊन लागला, गाळे बंद, लोकल बंद, हातावर पोट असणाऱ्यांचे हाल सुरू झाले. आपण तांदूळ, डाळ, तेल, साखरेच्या पिशव्या घरोघर देत होतो. आम्ही त्यांच्या दाराशी गेलो. वहिनींनी दार अर्धेच उघडले आणि म्हणाल्या, "दादा, आम्हाला गरज नाही. ज्यांना आहे त्यांना द्या." आतून मुलगा बघत होता. पुढे किराणावाल्याकडून कळले की त्या आठवड्यात त्यांनी कानातले गहाण ठेवले होते.

पिशवी हातात घेऊन आम्ही तीन जिने उतरलो. बंधू-भगिनींनो, त्या दिवशी कळले की आम्ही दहा हजार दिले आणि त्या घराकडून त्याहून मोठे काहीतरी काढून घेतले होते.

आणि हे आम्हाला कळायला नको होते असे नाही. आम्ही स्वतः मदत घेतलेल्या घरातलेच. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. आमचे वडील त्यांतले एक, आम्ही तेव्हा सहावीत. संपाच्या पहिल्या गणपतीपर्यंत लोकांना वाटत होते, मिटेल. मग भांडी विकली, मग खोल्या विकल्या, कित्येक जण गावी गेले ते कायमचे. आमच्या चाळीत गावच्या मंडळाची एक पेटी होती. महिन्याला घरटी वर्गणी, कोणी वारले की त्यातून मातीचा खर्च, कोणी आजारी पडले की गाडीभाडे. कोकणातल्या प्रत्येक गावाचे मुंबईत असे मंडळ असायचेच. संप लांबला तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी रात्री दिवे गेल्यावर यायचे. दाराच्या आत पिशवी ठेवायचे, आईला म्हणायचे, "वहिनी, गावाकडून आलंय, थोडं जास्त झालं." गावाकडून काही आलेले नसायचे, आईलाही ते ठाऊक होते. पण त्या खोट्याने आमच्या वडिलांना दुसऱ्या दिवशी चाळीच्या नळावर मान वर करून उभे राहता आले. हे सगळे पाहिलेल्या माणसाने पुढे माईकवर नाव पुकारायचा सल्ला द्यावा, याला काय म्हणावे!

कोणी म्हणेल, मदत घेण्यात लाज कसली? बरोबर आहे. लाज नसावी. आपल्या बापाने, परमपूज्य बाबासाहेबांनी मदत घेतलीच ना. केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी कॉलेजसाठी महिना २५ रुपये दिले. १९१३ साली त्यांच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला निघाले तेव्हा नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. पण बघा, ते पैसे कसे मिळाले? विद्यार्थी म्हणून, हक्काने, अटी ठरवून. शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानात नोकरी करायची असा करार होता. करारात माणसाची मान खाली जात नाही, उपकारात जाते. आणि लाज नसावी हे मदत घेणाऱ्याला सांगण्याआधी मदत देणाऱ्याने तसे वागले पाहिजे.

आता काही उपासक विचारतात, विहार हे वंदनेचे ठिकाण, हे पैशाचे वाटप इथे कशाला? त्यांना आळवी नगरातल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगावीशी वाटते. तथागत आळवीला आले. एक गरीब शेतकरी धम्म ऐकायला निघाला, पण त्याच दिवशी त्याचा बैल सुटला. बैल शोधता शोधता दुपार टळली. तसाच उपाशी, धापा टाकत तो सभेला पोचला. तथागतांनी उपदेश सुरू केला नाही. आधी विचारले, काही अन्न शिल्लक आहे का? त्याला बसवून जेवू घातले आणि मग धम्म सांगितला. भिक्खूंमध्ये कुजबुज झाली, तेव्हा त्यांनी समजावले की भूक हाच सगळ्यात मोठा रोग आहे. श्रावस्तीच्या सुदत्त श्रेष्ठीला आपण अनाथपिंडिक म्हणून ओळखतो. अनाथांना घास देणारा, म्हणून हे नाव. जेतवन त्याने दिले हे खरे, पण नाव पडले ते घासावरून.

तर वाटप हे विहाराचेच काम आहे. ते कसे करायचे, याचा नमुना आपल्या महाराष्ट्रात दगडावर कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत १० नंबरचे लेणे आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे दानाचा लेख कोरून ठेवला. त्याने तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले. कुठे ठेवले? विणकरांकडे! गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रकमेला हात लावायचा नाही. तिला ते अक्षयनीवी म्हणत. फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेखात लिहिले आहे की वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. वीस गुणिले बारा किती? दोनशे चाळीस! पै न् पैचा हिशेब जुळतो. आमच्या गिरणीच्या पतपेढीचा ताळेबंद आम्ही बघायचो, इतका सरळ नसायचा तो.

त्याच लेण्यात पुढच्या काळातला आणखी एक लेख आहे, विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेचा. तिने तेल्यांच्या आणि इतर कारागिरांच्या श्रेणींकडे पैसे ठेवले ते आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी. एका बाईने उभा केलेला आजारपणाचा निधी आहे हा. आणि उषवदाताच्या लेखात आपल्या शेजारच्या सोपाऱ्याचेही नाव आहे. शूर्पारक म्हणून. तिथे त्याने वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधली. ब्राह्मणांनाही त्याने दाने दिली, तेही तिथेच कोरलेले आहे, लपवायचे कारण नाही. सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरला. तो इथून फार लांब नाही. आपली मुले तिथे जाऊन सेल्फी काढून येतात. ठीक आहे, पण दगडाबरोबर हिशेबही बघावा.

विणकरांचे वाचले तेव्हा आमच्या मनात दुसराच विचार आला. ज्या काळात संघाचा पैसा विणकरांच्या भरवशावर ठेवला जाई, त्या काळापासून आपण कुठे आलो! मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला साचाखात्यात घेत नसत. का, तर धोट्यात नवी कांडी भरताना धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा कोण हातात धरणार? साचाखात्यात पगार जास्त, म्हणून आपला माणूस कायम कमी पगाराच्या खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. आपल्या घरांत साठलेला पैसा का नाही, याचे एक उत्तर त्या धोट्यात आहे. दुसऱ्यांच्या घरात आजोबाची शेती असते, मामाचे दुकान असते. आपल्याकडे एक पगार थांबला की घर थांबते.

आता एव्हरशाईनचे बोलू. इथे गरिबी झोपडीत दिसत नाही, फ्लॅटच्या बंद दारामागे असते. कार्यकारिणीत एकदा एका कुटुंबाचा अर्ज आला. एक सभासद म्हणाले, "यांचा स्वतःचा वन बीएचके आहे, यांना कसली मदत?" आम्ही त्या घरी जाऊन आलो होतो. नोकरी जाऊन सात महिने झालेले, बँकेचे हप्ते थकलेले, सोसायटीचा मेंटेनन्स थकला म्हणून नोटीस बोर्डावर नाव लावलेले. मुलीच्या बारावीच्या क्लासची फी अडकलेली. शेजाऱ्यांना वाटते सुखात आहेत, कारण ती बाई रोज इस्त्रीची साडी नेसून बाहेर पडते. कुठे पडते? नालासोपाऱ्याला एका घरी स्वयंपाकाला जाते आणि सांगते ऑफिसात जाते. असा माणूस अर्ज करीत नाही. आपणच नजर ठेवली पाहिजे. वंदनेला नेमाने येणारे दोन-तीन रविवार आले नाहीत की महिला मंडळाच्या एखाद्या ताईने सहज चहाला जावे. चौकशी म्हणून नको, चहाला.

२०२० नंतर आम्ही पद्धत बदलली. ती काय आहे हे सगळ्यांना माहीत असावे, कारण पैसा तुमचा आहे. अर्ज अध्यक्षांकडे येत नाही, तिघांकडे येतो. त्यात एक ताई असतेच असते. तिघांपैकी कोणाचा नातेवाईक असेल तर त्याने त्या दिवशी बाहेर बसायचे. कार्यकारिणीपुढे फक्त अर्जाचा नंबर, कारण आणि रक्कम येते, नाव येत नाही. ऑडिटला व्हाउचर लागते, नोंदलेला ट्रस्ट आहे आपला. म्हणून नावाची फाईल खजिनदारांच्या कुलपात असते. वार्षिक सभेत आकडे वाचून दाखवतात, किती घरे आणि किती रुपये. फोटो नाही, सत्कार नाही, माईक नाही.

यावर तक्रारीही आहेत. नाव सांगत नाही म्हणजे आपल्याच माणसांना वाटतात, असे बाहेर बोलले जाते. ही शंका रास्त आहे, आम्ही तिला नावे ठेवत नाही. म्हणून ठराव केला की कोणत्याही वर्गणीदाराने लेखी मागितले तर कार्यकारिणीबाहेरचे दोन ज्येष्ठ उपासक फाईल तपासतील आणि सगळे नीट आहे की नाही एवढेच सांगतील.

दुसरा वाद, मदत द्यायची की उसने द्यायचे? परत आले तर निधी वाढतो, हे खजिनदारांचे म्हणणे. त्यांचे चुकत नाही, हिशेब त्यांना सांभाळायचा आहे. पण आजारपण आणि मयत यात उसने देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बाप गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्या पोराच्या डोक्यात हप्ता नको. फीचे पैसे मात्र कमवायला लागल्यावर जमेल तसे परत करावेत, व्याज नाही, तारीख नाही. काही मुलांनी केलेत, काहींनी नाही. न करणाऱ्यांच्या घरी आम्ही जात नाही.

सगळी रक्कम एफडीत ठेवून फक्त व्याज वापरावे, अक्षयनीवीसारखे, असाही सूर आहे. उषवदाताकडे राज्य होते, तो तीन हजार एकदम ठेवू शकला. आपण पन्नास-शंभराच्या पावत्या फाडतो. एवढ्याशा ठेवीच्या व्याजात एका पोराचा परीक्षा फॉर्मही भरला जात नाही. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले. एक खायला-प्यायला, दोन धंद्यात, चौथा अडचणीच्या दिवसासाठी राखून ठेवायचा. तेव्हा निधीचा चौथा हिस्सा बँकेत राहू दे, बाकीचा फिरता असू दे. पैसा पेटीत झोपला आणि पोरगी कॉलेजातून घरी बसली, तर तो निधी कशाचा?

नकारही द्यावे लागतात, ते सगळ्यात अवघड. हळदीच्या कार्यक्रमाला पैसे हवेत म्हणून एक जण आला होता. नाही म्हटले. अजून बोलत नाही आमच्याशी. एक भाऊ दारूत बुडालेला, त्याच्या हातात दिले नाहीत, शाळेत जाऊन मुलांची फी परस्पर भरली. त्याने चौकात शिव्या दिल्या. एकदा खोटी बिले आणून एकाने फसवलेही. म्हणून पुढच्या दहा जणांवर संशय घ्यायचा का? आम्ही म्हणतो, बिल तपासा, माणसाची उलटतपासणी नको.

निधी कुठून आणायचा? १५ ऑक्टोबर १९५६ ला, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की धम्मकार्यासाठी प्रत्येकाने उत्पन्नाचा विसावा भाग द्यावा. वीस हजार पगार असेल तर एक हजार. किती जण देतो? आम्हीही पूर्ण देत नाही, इथे उभे राहून कबूल करतो. पण जयंतीला डीजेसाठी आठवड्यात वर्गणी जमते, कमानीवर लायटिंग होते, आणि निधीची पेटी फिरवली की सुटे नसतात. जयंती जोरात करा, ती आपली दिवाळी आहे, आम्ही लेझीम खेळलेली माणसे आहोत. एक स्पीकर कमी लावा, एवढेच मागणे आहे.

सरकारी योजनांचेही थोडके सांगतो, कारण जे सरकारकडून हक्काने मिळते त्यासाठी विहाराचा पैसा खर्च होऊ नये. धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलती आपल्याला नाकारल्या गेल्या, महाराष्ट्राने राज्यापुरत्या दिल्या, आणि १९९० साली कायदा दुरुस्त होऊन बौद्धांना अनुसूचित जातीचे हक्क मिळाले. पस्तीस वर्षांच्या आसपास लढून मिळालेला कागद आहे तो. तरी आपल्या कित्येक घरांत मुलांचे जातीचे दाखले काढलेले नाहीत. ॲडमिशनच्या आदल्या दिवशी धावपळ! मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते. शिष्यवृत्ती मंजूर होते, पण पैसे खात्यात पडेपर्यंत फीची तारीख उलटते, तेवढ्या मधल्या काळासाठी आपला निधी आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. ट्रस्टच्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत कायद्याने दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. पेशंट दाखल करतानाच विचारायचे, बिल हातात आल्यावर नाही. रेशनकार्ड, आधार, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, एवढ्या झेरॉक्स प्रत्येकाने घरात एका पिशवीत तयार ठेवा. रात्री दोनला छातीत दुखते तेव्हा कपाट उघडून कागद शोधत बसता येत नाही.

त्या वहिनींचे काय झाले, असे सभेआधी एकाने विचारले. भाऊ आता एका सोसायटीत वॉचमन आहे. आम्ही त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी पाणी दिले, चहा दिला, त्या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत. विहारात अजून येत नाहीत. मुलगा मात्र मागच्या बुद्ध पौर्णिमेला आला होता. आता मिसरूड फुटली आहे त्याला. सगळ्यात मागे, चपलांच्या स्टँडजवळ बसला होता. पुढे बोलवावे असे फार वाटले, पण माईक आमच्या हातात होता, म्हणून गप्प बसलो.

निधीचे अर्ज विहारात वंदनेनंतर ताईंकडे मिळतात. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितले तरी चालते, ताई लिहून घेतील. पावती पुस्तके खजिनदारांकडे आहेत. ज्यांनी मागच्या वर्षीची पुस्तके परत केली नाहीत, त्यांनी कृपया आजच जमा करावीत.

नमो बुद्धाय! जय भीम!